फोर्ब्सच्या सपाटीवर टास्क उडवताना वेळ कुठे जातो

प्रश्न थोडक्यात असा आहे. कामशेतला पॅराग्लायडिंग शिकलेल्या आणि नोकरीनिमित्त सिडनीला गेल्यावर हँग ग्लायडिंगकडे वळलेल्या एका पायलटने गेल्या मोसमात ऑस्ट्रेलियातल्या फोर्ब्स गावची हँग ग्लायडिंग स्पर्धा उडवली. थर्मलमध्ये, म्हणजे वर जाणाऱ्या गरम हवेत, चढणं चांगलं जमतं, स्पर्धेबाहेर शंभर किलोमीटरची उड्डाणंही झाली आहेत. तरी टास्कमध्ये, म्हणजे त्या दिवसासाठी ठरवून दिलेल्या शर्यतीत, एक तर गोलला (शेवटच्या ठिकाणी) सगळ्यांच्या शेवटी पोचणं होतं, नाहीतर साठ-सत्तर किलोमीटरवर कुठल्या तरी शेतात उतरावं लागतं. टास्क उडवताना डोक्यात काय चालू असायला हवं? आणि टॉपलेस, म्हणजे पंखावर खांब आणि तारा नसलेला, ग्लायडर घेतला तर फरक पडेल का?

ग्लायडरचं शेवटी सांगतो, कारण तुमची अडचण तिथे नाही. तुमचा वेळ बहुतेक चढण्यात जातो आहे. मागे पडलोय असं वाटलं की नवा पायलट बार, म्हणजे ओढला की वेग वाढवणारा हातातला दांडा, पोटापर्यंत ओढतो आणि ग्लाइडमध्ये, म्हणजे दोन थर्मलमधल्या सरळ उड्डाणात, वेळ भरून काढायला बघतो. त्यातून काय हाती लागतं ते एकदा कागदावर मांडून बघा.

समजा दोन थर्मलमध्ये 15 किलोमीटरचं अंतर आहे. ताशी 60 ने गेलात तर 15 मिनिटं, ताशी 75 ने गेलात तर 12. तीन मिनिटं वाचली असं वाटतं. पण वेग वाढला की ग्लाइड बिघडतो. 60 ला 13 (एक मीटर खाली येताना 13 मीटर पुढे) आणि 75 ला 10.5 असा ग्लाइड धरला, तर जोरात जाताना सुमारे 275 मीटर उंची जास्त खर्च होते. पुढचा थर्मल सेकंदाला 2 मीटरचा असेल तर ती उंची परत मिळवायला सव्वादोन मिनिटं लागतात. तीन मिनिटांतून पाऊण मिनिट हाती उरलं, आणि त्यासाठी जमिनीच्या जवळ यावं लागलं. आता दुसरी बाजू बघा. 1500 मीटर चढायला 2 मीटरच्या थर्मलमध्ये साडेबारा मिनिटं लागतात, 4 मीटरच्या थर्मलमध्ये सव्वासहा. एकाच चढाईत सहा मिनिटांचा फरक, आणि लांब टास्कमध्ये अशा आठ-दहा चढाया होतात. वीस-वीस किलोमीटर जोरात पळून जे मिळत नाही ते एक रडका थर्मल सोडून दिल्याने मिळतं.

पॉल मॅक्रेडी यांनी हेच गणित बिनइंजिनाच्या ग्लायडर विमानांच्या पायलटांना व्हेरिओभोवतीच्या (चढण्या-उतरण्याचा वेग दाखवणाऱ्या यंत्राभोवतीच्या) फिरत्या कड्यावर मांडून दिलं आणि 1956 मध्ये ते स्वतः ग्लायडिंगचे जगज्जेते झाले. पुढचा थर्मल जितका जोरदार मिळणार असेल तितकं मधलं अंतर वेगाने कापायचं. वरच्याच उदाहरणात पुढचा थर्मल 4 मीटरचा असता तर जादा खर्च झालेली उंची सव्वा मिनिटात भरून निघाली असती आणि पळणं फायद्याचं ठरलं असतं. म्हणजे वेग ठरवायचा तो पुढे काय मिळणार यावरून. मागे किती पडलो हा हिशेब त्यात येतच नाही, आणि घाईत नेमका तोच डोक्यात शिरतो.

म्हणून स्टार्टपूर्वी तासभर हवेत असताना दिवसाचा भाव ओळखायचा. त्या वेळात मिळालेल्या थर्मलची सरासरी बघा. व्हेरिओचा सर्वात उंच सूर कानात राहतो, पण तो फसवा असतो. यंत्रावरची 20-30 सेकंदांची सरासरी लावून ठेवा आणि तिच्यावर विश्वास ठेवा. दिवस 4 मीटरचा आहे असं कळलं, तर उंचीवर असताना 3 च्या खाली काही घ्यायचं नाही. तीन-चार वळणांत सरासरी आली नाही की पुढे निघायचं. हजार-बाराशे मीटरवर आलात की 2 मीटरचा घ्या. पाचशेच्या खाली मिळेल तो घ्या, देवाचे आभार माना, आणि पुन्हा वर गेलात की पुन्हा निवडक व्हा. हे शेवटचं लोक विसरतात. एकदा खाली जाऊन जीव मुठीत धरला की पुढचा तासभर प्रत्येक फुसक्या थर्मलमध्ये फिरत राहतात.

थर्मल सोडण्याचंही तेच. ढगाच्या बुडाला टेकल्याशिवाय निघायचं नाही ही सवय मोकळ्या उड्डाणात लागते. टास्कमध्ये शेवटचे 300 मीटर थर्मल मरगळून सेकंदाला 1 मीटरवर येतो, आणि तिथे पाच मिनिटं जातात. आघाडीचे पायलट चढण मंदावताक्षणी निघतात. तुम्ही बेसला, म्हणजे ढगाच्या बुडाला, पोचता तेव्हा ते पाच-सहा किलोमीटर पुढे ठिपक्यासारखे दिसतात, आणि आपला ग्लायडर कमी पडतो असं वाटायला लागतं. मला वाटतं टॉपलेसचा विचार अशाच एखाद्या क्षणी तुमच्या मनात आला असावा.

आता साठ-सत्तर किलोमीटरवर उतरण्याबद्दल. इथे दोष उलटा असतो. सकाळी ठरवलेला भाव हवा बदलल्यावरही धरून ठेवला जातो. फोर्ब्सला नववर्षाच्या आसपास स्पर्धा असते तेव्हा जमिनीवर पारा चाळिशीला टेकतो, चांगल्या दिवशी बेस 3000 मीटरच्या आसपास असतो आणि 4-5 मीटरचे थर्मल मिळतात. पण तोच दिवस सगळीकडे तसा नसतो. वरून पातळ सिरस ढग सरकले की जमिनीचं तापणं अर्ध्या तासात मंदावतं. गावाच्या पश्चिमेला जेमालाँगकडे पाटाच्या पाण्याखालची हिरवी शेतं आहेत. तिथली हवा गव्हाच्या सडासारखी तापत नाही. क्युम्युलस संपून निळं आकाश लागलं तर थर्मल असतात, फक्त दिसत नाहीत. अशी सीमा पुढे दिसली की तिच्या अलीकडचा शेवटचा चांगला थर्मल पूर्ण चढून घ्यायचा. तिथे बेसला टेकणं योग्य. मग बार सोडून सर्वोत्तम ग्लाइडच्या वेगाने, ताशी 45-50 च्या आसपास, शांतपणे पलीकडे जायचं. दहा मिनिटं गेली तर जाऊ द्या. पलीकडे गेल्यावर पुन्हा बार ओढायचा.

चाल बदलण्याची ही वेळ ओळखता येणं, हेच मला टास्क उडवण्यातलं खरं कसब वाटतं. अमुक वेगाने उडा असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. मोठ्या पायलटांची दिवसभराची चाल यंत्राच्या नोंदीत बघितली तर एकाच टास्कमध्ये ते तीन-चार वेळा वेगळी माणसं असल्यासारखे उडलेले दिसतात.

गुणपद्धतही याच बाजूची आहे. स्पर्धेत जी गॅप पद्धत वापरतात तिचं नाव गेरोल्फ हाइनरिक्स, अँजेलो क्रापांझानो आणि पॉल मॉलिसन या तिघांच्या आद्याक्षरांवरून आलं. दिवसाचे जास्तीत जास्त 1000 गुण असतात आणि ते अंतर, वेळ, आघाडी यांत विभागले जातात. गोलला न पोचणाऱ्याला वेळेचे पूर्ण गुण मिळत नाहीत. पोचणाऱ्यासाठी उतार असा की सर्वात वेगवान पायलटला चार तास लागले, तर सहा तासांनी येणाऱ्याचे वेळेचे गुण शून्य होतात. म्हणजे उशिरा का होईना गोल गाठणं फार मोलाचं आहे, पण रमतगमत येणंही परवडत नाही. अंतराच्या गुणांत एक बारकावा आहे जो नव्या पायलटांना क्वचितच कुणी सांगतं. हँग ग्लायडिंगमध्ये त्यातला अर्धा भाग सरळ किलोमीटरवर असतो आणि अर्धा त्या वाटेच्या कठीणपणावर, म्हणजे कुठल्या टप्प्यात किती जण उतरले त्यावर. ज्या पट्ट्यात खूप पायलट पडलेत तिथून दहा किलोमीटर पुढे सरकलात तर सोप्या जागच्या दहा किलोमीटरपेक्षा त्याचं मोल जास्त. खाली शेतांत पंख उतरलेले दिसायला लागले की समजायचं, आता इथे धीर धरण्याचे पैसे मिळतात.

स्टार्टबद्दल सविस्तर लिहितो, कारण सर्वात स्वस्तात सुधारणा तिथे होते. समजा गेट, म्हणजे स्टार्टच्या ठरलेल्या वेळा, 2:00, 2:20 आणि 2:40 ला आहेत आणि स्टार्टचं वर्तुळ 5 किलोमीटर त्रिज्येचं आहे. वर्तुळाच्या रेषेतून बाहेर पडलात की तुमचं घड्याळ त्याआधीच्या गेटपासून धरतात. 2:39 ला बाहेर पडलात तर घड्याळ 2:20 चं. एका मिनिटाच्या घाईने 19 मिनिटं अंगावर घेतलीत, आणि ती दिवसभर कुठल्याही थर्मलमध्ये परत मिळत नाहीत. असं झालंच तर आत येऊन 2:40 नंतर पुन्हा बाहेर पडता येतं. बहुतेक वेळा तेच करावं. आदर्श स्टार्ट म्हणजे गेट उघडताना बेसच्या जवळ, रेषेच्या काठावर, वाऱ्याच्या हिशेबाने योग्य बाजूला, आणि सोबत पाच-सहा चांगले पायलट. हे जुळवायला आधीची वीस मिनिटं नकाशाच्या पडद्यावर लक्ष ठेवावं लागतं, कारण वारा थर्मलला रेषेकडे ढकलत असतो आणि फिरता फिरता वेळेआधीच बाहेर पडायला होतं. वारा तसा असेल तर आतल्या थर्मलमध्ये चढा.

कुठला गेट घ्यायचा? पहिला गेट घेणाऱ्याला आघाडीचे गुण मिळतात, पण वाट त्यालाच शोधावी लागते. उशिराचा गेट घेणाऱ्याला पुढे फिरणारे ग्लायडर आयते खुणेसारखे दिसतात, मात्र दिवस लवकर संपला तर तो अडकतो. तुमच्या अनुभवाला मी मधला गेट सांगेन, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ज्या गेटला तुमच्या वेगाचे पायलट निघतील तो. एकट्याने मिळवलेल्या उत्तम वेळेपेक्षा सोबतीने मिळवलेली साधारण वेळ जास्त दूर नेते.

सपाट मैदानावर सोबतीची किंमत कामशेतच्या पायलटला चटकन पटत नाही. टॉवर हिल किंवा शेलारला अंदाज चुकला तरी पश्चिमेचा वारा डोंगरावर धरून ठेवतो, पुन्हा वर नेतो. फोर्ब्सला धरून ठेवणारं काही नाही. थर्मल चुकला की खाली शेत. म्हणून रानात हरवलेली म्हैस शोधायला माणसं ओळीने पसरतात तसं गॅगल, म्हणजे एकत्र उडणारा घोळका, ग्लाइडमध्ये पसरतं. एकमेकांत दोनशे-तीनशे मीटर ठेवून सगळे समांतर जातात. एखाद्याचा पंख उचलला गेला की बाकीचे तिकडे वळतात. कुणाच्या तरी मागे बरोबर त्याच्याच रेषेत जाऊ नका. तिथे तुम्हाला त्याच्यापेक्षा वेगळं काहीच कळत नाही आणि त्याच्या वाट्याला आलेली खाली जाणारी हवा तुमच्याही वाट्याला येते.

3 जुलै 2012 ला टेक्ससमधल्या झपाटाहून अमेरिकेचा डस्टिन मार्टिन आणि ऑस्ट्रेलियाचा जॉनी ड्युरँड निघाले आणि एकमेकांच्या सोबतीने दिवसभर उडत राहिले. संध्याकाळी मार्टिन 764 किलोमीटरवर उतरला, ड्युरँड 761 वर. दोघांतला कोणीही एकटा तिथवर गेला असता असं मला वाटत नाही. ती काही स्पर्धा नव्हती, पण दोन डोकी हवा शोधत असली की काय होतं याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं मला माहीत नाही.

गॅगलमध्ये शिरताना एक गोष्ट पक्की ठेवा. हँग ग्लायडर पायलटला वरचं दिसत नाही, पंख आड येतो. म्हणून खालून कोणी वेगाने चढत येत असेल तर वरच्याने जागा करून द्यायची. आधी फिरणाऱ्याच्या दिशेनेच फिरायचं, बाहेरून हळूहळू आत यायचं, थेट मध्यात घुसायचं नाही. स्टार्टच्या परिसरात कुठल्या दिवशी कुठल्या बाजूने वळायचं ते ब्रीफिंगमध्ये सांगतात. गर्दीत अस्वस्थ वाटलं तर खुशाल बाहेर निघा आणि दुसरा थर्मल शोधा. त्यासाठी गेलेल्या वेळेचं वाईट वाटून घेऊ नका.

आता जमीन वाचणं. ढग असतील तर वर बघून उडायचं, पण हजार मीटरच्या खाली आलात की ढग विसरा आणि जमिनीकडे बघा. डिसेंबरपर्यंत गव्हाची कापणी उरकलेली असते. सडाची मोठी कोरडी शेतं उत्तम तापतात. त्यांच्या वाऱ्याखालच्या कडेला झाडांची ओळ, बांध किंवा गोदामं असतील तर तापलेली हवा तिथे सुटते. शेतात चालणारं यंत्रसुद्धा थर्मल सोडवतं. धुळीचा लोट उठवत जाणारा ट्रॅक्टर दिसला की मी वाट वाकडी करून त्याच्या वाऱ्याखालच्या बाजूला जातो. घनदाट झाडी उशिरा तापते आणि उशिरा सोडते, म्हणून दुपारी टाळलेलं जंगल संध्याकाळी सहाला उपयोगी पडतं.

एप्रिलच्या दुपारी सोलापूर-बार्शीकडे माळावर ज्या वावटळी उठतात, तशाच इथेही उठतात, फक्त आकाराने मोठ्या. वावटळ म्हणजे थर्मलचं जमिनीवरचं टोक. सहाशे-सातशे मीटरवर असाल तर तिच्या वरचा, वाऱ्याने कललेला भाग गाठा, तिथे दिवसातली सर्वात दणदणीत चढण मिळू शकते. दोनशे मीटरच्या खाली असाल तर तिच्याकडे फिरकू नका. जमिनीलगत तिने ग्लायडर उलटवल्याच्या घटना घडलेल्या आहेत, आणि तितक्या उंचीवरून राखीव पॅराशूट उघडायला वेळ पुरेलच असं नाही. उतरून ग्लायडर जमिनीवर असतानाही वावटळींवर नजर ठेवा. नाक वाऱ्याकडे करून धरून बसा, किंवा लगेच मिटून टाका.

पक्षी मदत करतात. घारी फिरताना दिसल्या तर प्रश्नच नाही. इथला पाचरी शेपटीचा मोठा गरुडही थर्मल बिनचूक दाखवतो, पण तो आपल्या हद्दीत आलेल्या पंखावर झडप घालतो. तो वरून तुमच्याकडे रोखून येत असेल तर थर्मल त्याचा समजा आणि निघा.

फायनल ग्लाइडवर जास्त लिहीत नाही. यंत्र गोलपर्यंत लागणारा ग्लाइड दाखवतं, तो आकडा किती आहे यापेक्षा कुठल्या दिशेने सरकतोय ते बघा. 1500 मीटर हाताशी आणि 18 किलोमीटर बाकी म्हणजे 12 चा ग्लाइड लागतो. पाठीवर थोडा वारा असेल तर तुमच्या ग्लायडरलाही जमेल. निघाल्यावर हा आकडा घसरत 11, 10 होत गेला तर बार ओढा. 13, 14 होत गेला तर वाटेत मिळेल तो थर्मल घ्या, लाज बाळगू नका. गोलच्या दोन किलोमीटर अलीकडे उतरलेल्या पायलटचे वेळेचे गुण हातचे जातात. फोर्ब्सची सपाटी समुद्रसपाटीपासून साधारण 230-240 मीटरवर आहे आणि गोल दुसऱ्या गावी असतो, म्हणून गोलची खरी उंची यंत्रात बरोबर टाकली आहे का ते सकाळीच तपासा.

शेतात उतरताना सर्वात मोठा धोका तारांचा. ऑस्ट्रेलियाच्या ग्रामीण भागात वीज अनेक ठिकाणी एकाच तारेवरून नेलेली असते आणि खांबांमधलं अंतर खूप असतं. तार वरून दिसत नाही. खांब शोधा, घर दिसलं की त्याच्याकडे वीज कुठून आली ते शोधा, आणि दोन खांबांमध्ये तार आहेच असं धरून चाला. शेत तीनशे मीटर उंचीवर असतानाच पक्कं झालेलं असावं. त्यानंतर एखादा थर्मल लागला तर त्या शेताच्या आवाक्यात राहूनच फिरा. वाऱ्याची दिशा शेवटच्या थर्मलमध्ये तुम्ही कुठे सरकत होतात यावरून बहुतेक कळते. उतरल्यावर फाटक जसं उघडं किंवा बंद होतं तसंच ठेवा, आणि घ्यायला येणाऱ्या गाडीला वाळलेल्या सडात घालू नका. तापलेल्या सायलेन्सरने गवत पेटतं, आणि त्या मोसमात एका ठिणगीने शेकडो एकर जातात. तीन लिटर पाणी अंगावर असू द्या. अनेक ठिकाणी फोन लागत नाही.

आता ग्लायडर. तुमच्याकडे किंगपोस्टचा (पंखावर खांब असलेला), व्हीजी (उडताना पंखाचा ताण बदलणारी दोरी) असलेला मोयेस गेको ग्लायडर आहे असं तुम्ही लिहिलं आहे. एका मोसमासाठी तोच उडवा. टॉपलेसचा सर्वोत्तम ग्लाइड 15 च्या घरात असतो आणि वेगात तो कमी बिघडतो, त्यामुळे पुढे कधीतरी तो लागेलच. पण तो टो करताना, म्हणजे दोरीने ओढून वर नेताना, डोलतो, उतरताना लांब तरंगत जातो, आणि तुमच्या डोक्याचा जो भाग चढण निवडण्यात लागायला हवा तो ग्लायडर सरळ ठेवण्यात खर्च होतो. यंदाच्या स्पर्धेतल्या प्रत्येक दिवसाची नोंद काढा आणि तीन आकडे लिहा: प्रत्येक थर्मलची तळापासून सोडेपर्यंतची सरासरी, वर्तुळात फिरण्यात गेलेला एकूण वेळ, आणि गेटनंतर किती मिनिटांनी रेषा ओलांडली. मग त्याच दिवसाच्या पहिल्या दहातल्या कुणा पायलटची नोंद शेजारी ठेवा. तुमची थर्मलची सरासरी त्याच्या जवळपास आली आणि तरीही ग्लाइडमध्ये तो सुटून जात असेल, तेव्हा टॉपलेस घ्या. घेताना तुमच्या वजनाला बसणारा लहान पंख घ्या, आणि स्पर्धेआधी निदान महिनाभर सकाळच्या शांत हवेत टो आणि लँडिंग घोटून घ्या.